दोरीला हात लावणाऱ्याचा वाटा

वेंगुर्ल्याला राहतो म्हटलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा दोन प्रश्न विचारतो. गोवा तिथून किती लांब, आणि मासे ताजे मिळतात का? बावीस वर्षं मुंबईत नोकरी करून मी गावी परतलो, तेव्हापासून हे दोन प्रश्न इतक्यांदा कानावर आले की त्यांच्यामागची समजूतही पाठ झाली आहे. किनाऱ्यावरचं गाव म्हणजे कुठे तरी जाताना वाटेत लागणारं, नाहीतर दोन दिवस राहून, खाऊनपिऊन परत जायचं ठिकाण. तिथे कुणी बारा महिने राहतं, घरपट्टी भरतं, मुलांना शाळेत घालतं, म्हातारं होतं, हे त्या समजुतीत बसत नाही. म्हणून तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही: अशा गावात राहणं कशामुळे चांगलं होतं, आणि कशामुळे बिघडतं?

माझं उत्तर थोडक्यात सांगतो. समुद्र सुंदर आहे म्हणून किनाऱ्यावरचं गाव राहण्याजोगं होत नाही. पुळण, खाडी, पाणंद, मैदान, बाग अशा सगळ्यांच्या जागा तिथे शिल्लक असतात आणि राहणारी माणसं त्यांची निगा राखतात, म्हणून ते राहण्याजोगं होतं. या जागा गेल्या तर उरतो तो नुसता देखावा, आणि देखाव्यात कुणाला संसार करता येत नाही. आज कोकणातल्या लहान गावांना प्रसिद्धी हवी असं सगळे म्हणतात. मला वाटतं, त्याआधी त्यांना निगराणी हवी आहे.

वेंगुर्ला हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं, २०११च्या जनगणनेत सुमारे बारा हजार वस्तीचं शहर. कोकण रेल्वे इथे येत नाही. कुडाळ किंवा सावंतवाडी स्टेशनवर उतरून एसटी पकडावी लागते. तालुक्याच्या उत्तरेला भोगवे, निवती, खवणे, वायंगणी. दक्षिणेला मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी, आणि तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. नकाशावर पाहिलं तर दोन गाजलेल्या जागांच्या, मालवणच्या आणि गोव्याच्या, मधला हा पट्टा. लोक याला 'अजून फारसा माहीत नसलेला' म्हणतात. त्या 'अजून' शब्दात असं गृहीत धरलेलं असतं, की माहीत होणं हीच गावाची पुढची पायरी.

पण वेंगुर्ला एके काळी चांगलंच माहीत होतं. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली. तिच्या भिंती पडक्या अवस्थेत आजही उभ्या आहेत. १८१२ साली सावंतवाडी संस्थानाकडून हे बंदर इंग्रजांकडे गेलं आणि बेळगावच्या बाजूचा, घाटमाथ्याचा माल इथे चढू-उतरू लागला. गावातल्या मंडईला अजून क्रॉफर्ड मार्केट म्हणतात, तो त्याच दिवसांचा ठसा. १८८०च्या दशकात मुरगाव बंदर रेल्वेने घाटावर जोडलं गेलं आणि इथला व्यापार ओसरू लागला. पुढे मुंबईच्या बोटीही बंद झाल्या. म्हणजे प्रसिद्धी जहाजातून आली आणि जहाजातूनच गेली. ती गेल्यावरही गाव उठलं नाही. माड राहिले, शेती राहिली, होड्या राहिल्या, शाळा राहिल्या, दशावतार राहिला. ज्यावर गाव तगलं, ते प्रसिद्धीपेक्षा वेगळंच काही होतं. ते काय होतं, हे पाहायचं तर पहाटे पुळणीवर जावं लागतं.

आश्विनातली एक सकाळ. उजाडायला अजून वेळ आहे. होडीने अर्धवर्तुळात जाळं टाकलं आहे आणि त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आल्या आहेत. एकेका दोरीला वीस-पंचवीस माणसं. पाय वाळूत रोवून, अंग मागे टाकून ओढतात. रांगेच्या शेवटचा माणूस दोरी सोडून पुन्हा पाण्यापाशी जातो आणि पुढे धरतो. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. तासाभराने जाळ्याची खोळ वर येते, आणि मग पेडवे, तारल्या, बांगडे, मधेच एखादी मोरी, वाळूवर चांदीचा ढीग. ही रापण. त्या दिवशी शाळेत जाणारा एक मुलगा दप्तर बाजूला ठेवून शेवटची दहा मिनिटं दोरीला लागला होता. वाटे पडताना तो मागे सरून उभा राहिला. वाटे घालणाऱ्या म्हाताऱ्याने त्याला हाक मारली, "दोरयेक हात लावलंस मा? मग वाटो घे." आणि त्याच्या ओंजळीत चार बांगडे ठेवले.

या एका वाक्यात अर्थशास्त्र आहे. रापणीत जाळ्याचा वाटा असतो, होडीचा असतो, ओढणाऱ्यांचे असतात. ज्याचं भांडवल आहे त्याला ते मिळतं, पण ज्याच्याकडे दोन हातांशिवाय काही नाही तोही रिकामा जात नाही. पुळणीवर कुणी कधी जाळं टाकायचं याच्याही पाळ्या ठरलेल्या असतात. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं होतं की सगळ्यांची जागा कुणाचीच नसते. जो तो ओरबाडतो आणि ती नासते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या अशा जागा अभ्यासून याला उत्तर दिलं. स्वित्झर्लंडची गायरानं, स्पेनमधले पाटाच्या पाण्याचे संघ, तुर्कस्तानातल्या आलान्या गावचे मच्छीमार. आलान्याचे लोक मासेमारीच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटून घेत आणि रोज जागा बदलत, म्हणजे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येई. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले आणि स्वतः पाळत ठेवली तर सामाईक जागा पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे त्यांनी दाखवलं. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या पुळणीवर हे नियम कुणी लिहून ठेवले नाहीत, पण दोरी धरणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहेत.

रापणीला मोकळी पुळण लागते. हे सांगायला सोपं आहे, पण किती मोकळी ते बाहेरच्याला कळत नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या वर ओढून झापांच्या खोपीत ठेवायच्या, जाळी शिवायची, दोऱ्या सुकवायच्या. पुढे मासळी सुकत घालायची. हे सगळं होतं ते पुळणीच्या वरच्या अंगाला, माडांच्या आणि सुरूंच्या कडेला. आज हॉटेलसाठी, बंगल्यासाठी, 'समोर समुद्र' अशी जाहिरात करण्यासाठी सगळ्यात मोलाचा पट्टा तोच आहे. पाहणाऱ्याला तिथे रिकामी वाळू दिसते. राहणाऱ्याच्या दृष्टीने ते कारखान्याचं आवार आहे.

त्या पट्ट्याचा आणखी एक मालक आहे, खुद्द समुद्र. पावसाळ्यात लाटा पुळण खातात, वाळू आत ओढून नेतात. पाऊस ओसरला, समुद्र निवळला की तीच वाळू थोडी थोडी परत येते आणि पुळण पुन्हा भरते. हे जाणं-येणं चालायला जागा लागते. त्या जागेत काँक्रीटची भिंत उभी केली की लाट तिच्यावर आपटून मागे फिरते, भिंतीच्या पायथ्याची वाळू खरवडते, आणि गेलेली वाळू परत येऊन टिकायला उतारच उरत नाही. मग भिंत वाचवायला आणखी दगड. जुन्या माणसांनी घरं किनाऱ्यापासून आत, माडांच्या मागे बांधली, ती समुद्राच्या भीतीने नव्हे. त्याला किती अंगण लागतं हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं.

किनारा कुणाचा, हा प्रश्न आमच्या तालुक्याला नवा नाही. मे १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर त्या काळी तिथल्या शाळेत शिकवत होते. शिरोड्याला मिठागरं होती, समुद्राचं पाणी खाजणात येत होतं, उन्हाने मीठ पिकत होतं, आणि ते मीठ उचलणं हा गुन्हा होता. सत्याग्रही उचलत होते मूठभर मीठ, पण विचारत होते मोठा प्रश्न: समुद्राने आणि सूर्याने दिलेलं सरकार कुलपात कसं घालू शकतं? तेव्हा कुलूप परक्या सत्तेचं होतं. आज कुलूप दुसऱ्या कुणाचं असेल, प्रश्न तोच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये या प्रश्नाला उत्तर दिलं आहे. हिमाचलात मनालीजवळ एका पर्यटन हॉटेलाने आपली जागा वाचवण्यासाठी बियास नदीचा प्रवाहच वळवला होता. त्या खटल्यात न्यायालय म्हणालं की समुद्रकिनारे, वाहतं पाणी, हवा, जंगलं ही सरकारची मालमत्ता नव्हे. सरकार लोकांच्या वतीने त्यांचं विश्वस्त आहे आणि खाजगी फायद्यासाठी ती कुणाच्या घशात घालण्याचा त्याला अधिकार नाही. त्याआधी १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेतच. २०१९च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागातला ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला आणि पुळणीवर भरतीरेषेपासून १० मीटर सोडून तात्पुरत्या पर्यटन सुविधांना वाट करून दिली. कागदावर संरक्षण आहे, पण दर सुधारणेत ते थोडं झिजतं.

आणि कागदावर कधी नव्हतीच अशी एक वाट मला स्वतःला गमवावी लागली, ती सांगतो. आमच्या वाडीतून पुळणीवर जाणारी एक पाणंद होती. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वर माडांची सावली, रुंदी एवढीच की टोपली घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीने अंग चोरून उभं राहावं. लहानपणी मी त्या वाटेने अनवाणी धावलो; आई खुबे काढायला त्याच वाटेने जाई. दोन्ही बाजूंच्या बागा विकल्या गेल्या. घेणाऱ्याने काही बेकायदा केलं असं मी म्हणत नाही; सात-बाऱ्यावर पाणंदीची नोंद नव्हती, ती फक्त पायांना माहीत होती. एके दिवशी तिथे लोखंडी फाटक आलं. समुद्र अजून सगळ्यांचा आहे, पण त्याच्याकडे जाणारी वाट एकाची झाली. मी लांबून वळसा घालून जातो. डोक्यावर मासळी घेऊन बाजार गाठणाऱ्या शेजारणीला मात्र तो वळसा रोजच्या अर्ध्या तासाला पडतो, आणि उशिरा आलेल्या टोपलीला भाव कमी मिळतो. किनारा बंद करायला त्याच्यावर भिंत बांधावी लागत नाही. त्याच्या वाटा बुजल्या की पुरे.

आता बागेबद्दल. कोकणात सार्वजनिक उद्यान कशाला, असं मीही एकदा विचारलं होतं. जिथे पाहावं तिथे माड, पोफळी, आंबा, काजू. हिरवाईची इथे काय वानवा? पण नीट पाहिलं तर ही सगळी हिरवाई गडग्याच्या आत आहे. प्रत्येक झाडाला मालक आहे. ज्याची बागायत नाही, जो भाड्याच्या खोलीत राहतो, बाजारात हमाली करतो, ज्याचा जन्म या गावातला नाही, त्याने संध्याकाळी कुठे बसावं? देवळासमोर, पारावर. पण पारावर कोण बसणार आणि कोण उभं राहणार, हे आपल्या गावांतून जातीने आणि मानपानाने ठरत आलं आहे. बायकांनी तर तिथे नुसतं बसायचं नसतंच. हातात काम असलं किंवा देवळात जायचं निमित्त असलं तरच. गावच्या जुन्या सामाईक जागांबद्दल गहिवरून लिहिताना हे विसरणं अप्रामाणिकपणाचं होईल. विहीर सगळ्या गावाची म्हणायची आणि तिच्यावर सगळ्यांना पाणी भरू द्यायचं नाही, हे याच मातीत घडलं आहे.

नगरपालिकेची बाग हे नागरिकपणाने दिलेलं दान आहे. तिच्या बाकावर बसताना 'तू कोणाचो?' असं कुणी विचारत नाही. म्हणून लहान गावाला पुळण आणि बाग दोन्ही लागतात. पुळण शिकवते की वाटा कष्टाने मिळतो; बाग शिकवते की काही गोष्टी नुसतं माणूस म्हणूनही मिळायला हव्यात. पहिली शिकवण परंपरेची, दुसरी संविधानाची. एकीवाचून दुसरी अपुरी आहे.

वेंगुर्ल्यात अशाच एका बागेची गोष्ट घडली, ती साऱ्या महाराष्ट्राने पाहण्यासारखी आहे. इतर कुठल्याही शहरासारखा इथेही कचरा डेपो होता. दुर्गंधी, धूर, कुत्री, कावळे. २०१५च्या सुमारास रामदास कोकरे मुख्याधिकारी म्हणून आले आणि नगरपालिकेने कचरा घरातच वेगळा करून द्यायची पद्धत लावली. ओला, सुका, प्लास्टिक, काच, धातू असा तो दारातून वेगवेगळा येऊ लागला आणि डेपोवर त्याची आणखी बारीक वर्गवारी होऊ लागली. ओल्यातून बायोगॅस आणि खत, पातळ प्लास्टिकचे तुकडे करून ते रस्त्याच्या डांबरात, बाकीचं विकायला. ढीग साचेनासे झाले. मोकळ्या झालेल्या जागेवर झाडं लावली, फळझाडं वाढली, बसायला जागा झाली, आणि ज्या वाटेने जाताना लोक नाकाला पदर लावत तिथे पाहुणे येऊ लागले. त्याला 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ' असं नाव मिळालं.

या गोष्टीत अधिकाऱ्याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण मला तिच्यातलं दुसरं अंग मोठं वाटतं. ती बाग रोज सकाळी स्वयंपाकघरात तयार होते. दुधाची पिशवी धुऊन वेगळी ठेवणारी बाई, माशाची खवलं नि भाजीचे देठ ओल्या डब्यात टाकणारा नवरा, चुकीचा डबा आला तर तो दारातच परत करणारी सफाई कामगार, हे तिघं मिळून ती बाग सांभाळतात. त्यांच्यापैकी एकाने हात काढून घेतला तर महिन्याभरात तिथे पुन्हा ढीग दिसेल. निगराणी म्हणतो ती हीच. तिचं उद्घाटन होत नाही, तिची फीत कापता येत नाही, म्हणून राजकारणाला ती आवडत नाही. नवीन गार्डनसाठी निधी मंजूर होतो; त्या गार्डनच्या नळाचा वायसर बदलायला मात्र वर्ष जातं. लहान शहरांच्या अंदाजपत्रकात देखभालीची ओळ सगळ्यात वर असायला हवी, असं माझं आग्रहाचं मत आहे. कारण राहणारा माणूस दगडी कमानीत राहत नाही, चालू नळाच्या आणि न तुटलेल्या बाकाच्या गावात राहतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. मोकळ्या पुळणीने पोट भरत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ८ लाख ६८ हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाख ४९ हजारांवर आली. वाढत्या देशात घटणारा जिल्हा. हजार पुरुषांमागे इथे १०३६ स्त्रिया मोजल्या गेल्या. कामाच्या वयाचे पुरुष मुंबईला, पुण्याला, गोव्याला गेलेले, याची ती खूण आहे. गणपतीत चाकरमानी येतात, घरं उघडतात, आणि अकराव्या-बाराव्या दिवशी पुन्हा कुलपं लागतात. गंभीर आजार झाला तर आमचा माणूस आजही बांबोळीला, गोव्याच्या इस्पितळात न्यावा लागतो. मग कुणी म्हणालं की मोठी हॉटेलं येऊ देत, जमिनीला भाव मिळू दे, पोरांना इथेच नोकऱ्या लागू देत, तर त्याला निसर्गाचं व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही. मी स्वतः बावीस वर्षं पोटासाठी बाहेर होतो.

पण हा आक्षेप ज्या उपायाकडे बोट दाखवतो, तो उपाय करून पाहिलेला आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तरीही २०११च्या जनगणनेत लोकसंख्या घटली. शिरोडा-वेळागरला पंचतारांकित हॉटेलसाठी नव्वदच्या दशकात जमीन घेतली गेली; तिचा वाद पुढची अनेक वर्षं चालला, आणि तेवढ्या काळात एक पिढी नोकरीची वाट पाहत चाळिशीत गेली. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. विमानतळ असावा, रस्ते असावेत; माझा विरोध त्यांना नाही. माझा मुद्दा एवढाच की येणाऱ्यांची संख्या वाढली म्हणजे राहणाऱ्यांचं भलं झालं, हे गणित आपोआप सुटत नाही. जमीन एकदा विकली की पैसा एका पिढीत संपतो. नंतर त्याच जमिनीवरच्या हॉटेलात त्याच घरातला मुलगा वाढप्या म्हणून उभा राहतो. यालाच रोजगारनिर्मिती म्हणायचं का, हे त्याच्या आजीला विचारावं.

दुसऱ्या वाटेची उदाहरणं याच तालुक्यात आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' या महिला बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात. स्वतः होडी वल्हवतात, तिवराची मुळं वर हवेत का येतात, खेकडा बीळ कुठे करतो, खाडीतली पिलावळ पुढे समुद्रात मासळी कशी होते, ते समजावून सांगतात. इथे पर्यटक आहे, पैसा आहे, पण खाडी विकलेली नाही. विकलं जातं ते तिच्याबद्दलचं ज्ञान, आणि ते विकून संपत नाही. शिवाय कांदळवन तुटलं तर यांचा धंदाच बुडेल, त्यामुळे पहाराही आपोआप बसतो. वायंगणीला समुद्री कासवांची अंडी पूर्वी काढून नेली जात. आता गावकरी घरट्यांना जाळी लावून राखण करतात, आणि दीडेक महिन्याने पिल्लं पाण्याकडे निघतात तेव्हा ती बघायला बाहेरगावची माणसं गावातल्याच घरांत उतरतात.

तिसरं उदाहरण पर्यटनाचं नाहीच. १९५७ पासून वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र आहे. आता ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा भाग आहे. काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती तिथल्या. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' आंबा तिथेच निघाला, ज्याच्या गरात हापूससारखा साका, म्हणजे पांढरट स्पंजासारखा भाग, होत नाही. या केंद्रासमोर कुणी फोटो काढत नाही. पण वरकस जमिनीत काजूची चांगली कलमं लावून किती घरांतल्या मुलींची शिक्षणं झाली, हे कोकणच्या कुठल्याही गावात विचारा. एखाद्या अप्रसिद्ध गावातली एक शांत संस्था, जवळपास सत्तर वर्षं एकाच कामाला चिकटून राहिली, तर ती दहा जाहिरात मोहिमांहून जास्त माणसांना गावात टिकवते. निगराणीचंच हे एक रूप आहे. फक्त बाकाऐवजी झाडाची.

म्हणून मी म्हणतो, गावाचं मोजमाप बदललं पाहिजे. यंदा किती पर्यटक आले, हे जरूर मोजा. पण त्याआधी मोजा: पुळणीवर जाणाऱ्या किती वाटा उघड्या आहेत? रापणीच्या किती दोऱ्या अजून पडतात? बागेत संध्याकाळी एकट्या बसलेल्या बायका किती दिसतात? बाळंतपण तालुक्यात होतं की गाडी काढावी लागते? दहावीनंतर शिकलेल्यांपैकी किती जण पाच वर्षांनी इथे आहेत? ज्या गावात जन्मता येतं, कमावता येतं आणि म्हातारं होता येतं, ते गाव पाहुण्यालाही आवडतंच. याच्या उलट घडलेलं मी कुठे पाहिलेलं नाही.

नव्याने येणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण ते येणार आहेत. शहरं कोंदटली आहेत, घरी बसून काम करता येतं, आणि समुद्राजवळ राहायची इच्छा असण्यात गैर काही नाही. त्यांना 'बाहेरचे' म्हणून दूर ठेवणं हे गडग्यावर आणखी एक गडगा चढवण्यासारखं आहे. रापणीचा नियम त्यांनाही पुरतो. त्या सकाळी म्हाताऱ्याने मुलाला घर, आडनाव, वाडी काही विचारलं नाही. दोरीला हात लागला होता, एवढंच पाहिलं. जो इथे घर बांधील त्याने गडग्यातून जुनी पाणंद सोडावी, कचरा वेगळा करावा, गावच्या बैठकीला यावं, मुलं इथल्या शाळेत घालावीत, आणि मग त्याचा वाटा त्याला हक्काने मिळावा. आणि हाच नियम आम्हा जुन्यांनाही लागू आहे. मुंबईत बसून गावच्या घराला कुलूप लावणाऱ्याने 'माझं गाव' म्हणताना आपण शेवटची दोरी कधी धरली होती, हे आठवावं. मीही बावीस वर्षं ती धरली नव्हती.

मोठ्या योजनेची वाट न पाहता एक काम लगेच करता येण्याजोगं आहे. प्रत्येक किनारी गावाने आपल्या पाणंदी मोजून नकाशावर घ्याव्यात आणि त्यांची नोंद करून घ्यावी. म्हातारी माणसं आहेत तोवर हे होईल, कारण त्या वाटा अजून त्यांच्या पायांतच आहेत. आमच्या वाडीत पाच पाणंदी होत्या, आता तीन चालत्या आहेत. त्यांच्या नोंदीचा अर्ज आम्ही नगरपालिकेत देणार आहोत. त्यावर पहिली सही माझी शेजारीण करणार आहे, जिला रोज वळसा पडतो ती.